शेंड्यावर पानाची जागा कशी ठरते: पाहण्याची, मोजण्याची आणि उलगडण्याची पद्धत

फांदीवर पान कुठे येणार, हे ते आपल्याला दिसण्याच्या बऱ्याच आधी ठरलेलं असतं. शेंड्याच्या अगदी टोकाला, कोवळ्या पानांच्या आत दडलेली एक इवलीशी घुमटी असते. पाठ्यपुस्तकात तिला प्ररोह विभाजी ऊती म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. या घुमटीच्या कडेला एकामागून एक उंचवटे येतात आणि प्रत्येक उंचवट्याचं पान होतं. पुढे त्याच पद्धतीने फुलंही येतात.

या विषयावर मोबाइलवर फिरणारे बहुतेक संदेश ‘निसर्गाचं गुप्त गणित’ आणि ‘सुवर्ण गुणोत्तर’ यांच्यापुढे जात नाहीत. झाडाला गणित येत नाही. नवं पान आधीच्या काही पानांपासून लांब राहतं, एवढंच. आकडे त्यातून आपोआप निघतात. हे वाचून पटणार नाही, हातात फांदी घेऊन मोजलं की पटतं. म्हणून हा लेख करून बघायचा आहे.

सामान आणि वेळ

दहापट मोठं दाखवणारं भिंग, नवं ब्लेड, दोन शिवणाच्या सुया, कागदाच्या पट्ट्या, फूटपट्टी, कोनमापक, बारीक टोकाचा पक्क्या शाईचा पेन, ओला टिश्यू पेपर आणि मोबाइल. सूक्ष्मदर्शक मिळाला तर फारच छान, पण त्यावाचून काही अडत नाही. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम, कारण शेंडे जोमात असतात. चाफा, पपई, वड, रुई यांना चीक येतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरी इजा होते, तेव्हा ती फांदी मुलांच्या हाती कापायला देऊ नका.

पहिलं काम: पान कोणतं ते ओळखा

इथेच निम्मे लोक चुकतात. कढीपत्त्याची एक काडी घ्या. त्यावरच्या पंधरा-वीस हिरव्या चकत्या म्हणजे पंधरा-वीस पानं नव्हेत. सगळी काडी मिळून एक पान, आणि चकत्या म्हणजे त्याच्या पर्णिका. शेवग्याचं एक पान हातभर लांब असतं. ‘पळसाला पानं तीनच’ म्हणतो खरे, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने ते तीन पर्णिकांचं एकच पान आहे. बेलाचंही तसंच.

ओळखायची खूण एकच: डोळा, म्हणजे पुढे फांदी किंवा फूल होणारी बारीक कळी. पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात, वरच्या बाजूला, एक डोळा असतो. कधी तो ठसठशीत असतो, कधी भिंगाशिवाय दिसत नाही. पर्णिकेच्या बेचक्यात डोळा नसतो. कढीपत्त्याच्या काडीवर एकेका चकतीचं मूळ भिंगाखाली तपासा, मग काडी जिथे फांदीला मिळते तिथे तपासा. फरक लगेच कळेल.

ही खूण कधीकधी उलटा धक्का देते. भुईआवळी कुंडीत, वाफ्यात, कुठेही उगवते. तिची बारीक डहाळी हुबेहूब चिंचेच्या पानासारखी दिसते. पण ती उलटी करून बघा: प्रत्येक ‘पर्णिके’च्या बुडाशी एकेक हिरवं फळ लटकलेलं असतं. फळ आलं म्हणजे आधी फूल होतं, आणि फूल बेचक्यातच येतं. म्हणजे त्या पर्णिका नव्हेत, सुटी पानं आहेत, आणि आपण जिला पान समजत होतो ती फांदी आहे.

रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ याहून बेरकी. तिची कोयत्यासारखी ‘पानं’ म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ. तिच्या शेंगांतलं बी गरम पाण्यात भिजवून कुंडीत लावा. रोपाची पहिली पानं आपल्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची येतात. मग देठ रुंद होऊ लागलेली आणि टोकाला थोड्या पर्णिका उरलेली पानं येतात, आणि पुढे नुसते देठ. एका रोपावर खालून वर हा सगळा बदल ओळीने वाचता येतो. शाळेत दाखवायला याच्याइतकं सोपं आणि चोख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मांडणी बघा

पान कळलं की ते फांदीवर कसं बसलंय ते बघायचं. ज्या जागी पान फुटतं ते पेर, दोन पेरांमधलं ते कांडं. एका पेरावर एकच पान असेल तर मांडणी एकाआड एक, दोन समोरासमोर असतील तर सम्मुख, तीन किंवा जास्त असतील तर मंडलित. तुळस, रुई, सदाफुली, मोगरा सम्मुख. कण्हेरीला बहुधा तिनांचं मंडल असतं. सातवीण तर नावातच सात पानं सांगते, पण मोजायला गेलात तर कमी-जास्तही निघतील.

तुळशीकडे वरून बघा. एका पेरावरची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर पुढची दक्षिण-उत्तर. पेरूच्या आडव्या फांदीवर मात्र सगळ्या जोड्या एकाच पातळीत दिसतात आणि माणूस गोंधळतो. तिथे कांडी आणि देठ पिळवटून पानांनी उन्हाकडे तोंड केलेलं असतं. जागा टोकावर ठरते, तोंड नंतर वळतं. म्हणून निरीक्षणाला नेहमी उभा, सरळ वाढणारा शेंडा घ्या.

एकाआड एक यातही दोन तऱ्हा आहेत. मका, ज्वारी, ऊस, आलं, हळद, सीताफळ यांची पानं दोनच रांगांत असतात, म्हणजे लागोपाठच्या दोन पानांत १८० अंशांचं अंतर. पपई, जास्वंद, सूर्यफूल, चाफा यांची पानं खोडाभोवती फिरत वर चढतात. खरी गंमत या फिरणाऱ्या पानांत आहे.

कोन मोजा

यासाठी चाफ्याची फांदी घ्या, आणि तीही पानगळ झालेली. पान गळाल्यावर मागे राहिलेला वण चाफ्यावर इतका स्पष्ट असतो की भिंगही लागत नाही. वीतभर फांदीभोवती कागदाची रुंद पट्टी घट्ट गुंडाळा, टोकं जिथे मिळतात तिथे खूण करा आणि प्रत्येक वणाच्या मध्यावर कागदातून सुई टोचा. खालून वर १, २, ३ असे आकडे घाला. पट्टी उलगडून टेबलावर पसरली की फांदीचा पूर्ण घेर म्हणजे ३६० अंश. घेर ८ सेंटिमीटर असेल आणि पहिल्या वणापासून दुसरा आडव्या दिशेने ३ सेंटिमीटरवर असेल, तर कोन झाला ३ भागिले ८ गुणिले ३६०, म्हणजे १३५ अंश.

एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका. एकेक कोन बराच मागेपुढे होतो. खात्रीचा मार्ग असा: सुरुवातीचा वण शून्य धरा, आठव्यापर्यंत जा, किती पूर्ण फेऱ्या झाल्या ते मोजा, उरलेले अंश मिळवा आणि ८ ने भागा. तीन फेऱ्या आणि वर २० अंश भरले, तर १,१०० भागिले ८, म्हणजे १३७.५. याच कोनाला सुवर्णकोन म्हणतात, आणि फिरत्या मांडणीच्या झाडांत सरासरी बहुतेक वेळा त्याच्या जवळपास येते.

पाठ्यपुस्तकात जास्वंदीला २/५ आणि पपईला ३/८ असे अपूर्णांक दिलेले असतात: दोन फेऱ्यांत पाच पानं, तीन फेऱ्यांत आठ. २/५ म्हणजे १४४ अंश, ३/८ म्हणजे १३५, ५/१३ म्हणजे जवळजवळ १३८.५. हे सगळे १३७.५ च्या आजूबाजूलाच घुटमळतात. परीक्षेसाठी अपूर्णांक पाठ करावेत, पण झाडावर ‘बरोबर वरचं’ पान शोधत बसू नये. ते बरोबर वर क्वचितच येतं. शून्याव्या पानापासून पाचवं ३२.५ अंश एका बाजूला, आठवं २० अंश दुसऱ्या बाजूला, तेरावं १२.५ अंश पुन्हा पहिल्या बाजूला. याच ओळी पुढे अननसावर दिसतात.

पानं फिरतात ती डावीकडून की उजवीकडून, हेही टिपून ठेवा. नारळाच्या माडावर ही दिशा चांगली कळते, आणि कोकण-गोव्यात माडांना तोटा नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत टी. ए. डेव्हिस यांनी माडांची ही डावी-उजवी बाजू बारकाईने अभ्यासली. १९६२ मध्ये त्यांनी मांडलं की हा गुण आईबापाकडून येत नाही: डाव्या माडाच्या नारळातून उजवा माड सहज निघतो.

अननस आणि सूर्यफूल

अननस आडवा धरा. त्याच्या डोळ्यांच्या तिरप्या ओळी एका बाजूने वर चढतात, तशाच दुसऱ्या बाजूनेही. एका ओळीवर मार्करने रेघ ओढा, मग तिला समांतर असलेली शेजारची, मग पुढची, असं करत पुन्हा पहिल्या रेघेपाशी या. एका दिशेच्या ओळी बहुधा ८ भरतात, दुसऱ्या दिशेच्या १३. याहून खड्या चढणाऱ्या ओळीही असतात. त्या मोजल्या तर बऱ्याचदा २१ मिळतात. सूर्यफुलाच्या चकतीवर हेच काम बाहेरच्या कडेने करा. आकडे ३४ आणि ५५ च्या घरात जातात, म्हणून फोटो छापून त्यावर रंगीत पेनाने ओळी ओढणं बरं.

१, २, ३, ५, ८, १३, २१: मागचे दोन मिळवले की पुढचा. जगाने या मालिकेला फिबोनाचीचं नाव दिलं, त्याचा ग्रंथ १२०२ चा. पण लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून अमुक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बसवता येते, हा प्रश्न आपल्याकडच्या छंदशास्त्रज्ञांनी त्याआधी सोडवला होता. विरहांकाकडे हा नियम आहे, आणि ११५० च्या सुमारास हेमचंद्रानेही तो दिला. चार मात्रांची ओळ पाच तऱ्हांनी होते, पाच मात्रांची आठ तऱ्हांनी. त्यांच्यापुढे सूर्यफूल नव्हतं, वृत्त होतं.

मोजताना आकडा चुकला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने लोकांकडून सूर्यफुलं वाढवून घेतली होती. निमित्त होतं ॲलन ट्यूरिंगच्या जन्मशताब्दीचं, कारण हा संगणकशास्त्राचा आद्य माणूस शेवटच्या वर्षांत याच कोड्यात गुंतला होता. त्यातून ६५७ फुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक फुलांत ही मालिका सापडली, काहींत ४, ७, ११, १८ अशी भावंड-मालिका, तर काहींत धड ओळीच लागल्या नाहीत. तुमच्या फुलात जे दिसेल ते लिहा. आकडा ओढूनताणून ३४ करू नका.

शेंडा उघडा

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. कोबीचा गड्डा बरोबर मधून उभा चिरा. गड्डा म्हणजे एक प्रचंड कळी. मधला पांढरा दांडा हे खोड, त्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेली पानं, आणि पानांच्या बेचक्यांत मुगाएवढे, कुठे वाटाण्याएवढे डोळे. वर जावं तसतशी पानं बारीक होत जातात. दांड्याच्या वरच्या टोकाशी भिंग न्या. पानं दाटीवाटीने एकमेकांवर वळलेली दिसतील आणि त्यांच्या आत कुठेतरी ती घुमटी असते.

ती मोकळी बघायची तर टोमॅटोचं किंवा सूर्यफुलाचं चार-पाच पानांचं रोप घ्या. शेंडा बोटभर ठेवून कापा, ओल्या टिश्यूवर आडवा ठेवा. मोठ्या पानापासून सुरुवात करून एकेक पान बुडाशी सुईने मागे दाबून मोडा. ओढू नका, ओढलं की टोकच निघून येतं. मोडलेली पानं क्रमाने कागदावर मांडत जा. शेवटी डोळ्यांना दिसेनाशी होतात तेव्हा भिंगाखाली काम करा आणि दर मिनिटाला पाण्याचा थेंब सोडा, कारण कोवळा भाग बघता बघता सुकतो. अखेरीस एक चकचकीत ओलसर ठिपका आणि त्याच्या कडेला एक-दोन उंचवटे उरतात. पहिल्या दोन-चार शेंड्यांचा चुराच होणार, तो धरून चाला.

इतकी खटपट नको असेल तर फ्लॉवर आणा. फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे फूल होण्याच्या वाटेवर अडकलेल्या हजारो घुमट्या. एक लहान तुरा मोडून भिंगाखाली धरा आणि उजेड बाजूने पाडा. दाणे विस्कळीत वाटतात, पण नजर स्थिरावली की ते दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या ओळींत बसलेले दिसतात. त्यातला एक दाणा सुईने उचलून बघितला तर त्याच्यावर आणखी बारीक दाणे, तेही फिरत्या ओळींत. फ्रेंच संशोधकांच्या गटाने २०२१ मध्ये या रचनेचा उलगडा मांडला: प्रत्येक घुमटी फूल व्हायला निघते, तिथवर पोचत नाही, आणि नव्या घुमट्या काढत बसते. म्हणून भाजी चिरायच्या आधी पाच मिनिटं भिंगाला द्यावीत.

मग जागा ठरवतं कोण?

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८६८ मध्ये निरीक्षण नोंदवलं की नवा उंचवटा नेहमी आधीच्या उंचवट्यांमधल्या सर्वांत मोकळ्या जागी येतो. रिकाम्या एसटीत चढलेला माणूस जशी आधी बसलेल्यांपासून लांबची खिडकी धरतो, तसंच. १९३० च्या दशकात मेरी आणि रॉबर्ट स्नो या दांपत्याने ल्युपिन या शेंगवर्गीय रोपाच्या शेंड्यांवर सूक्ष्म छेद देऊन तपासलं. मोकळी जागा बदलली की पुढचं पानही सरकलं.

पॅरिसमध्ये स्टेफान डुआडी आणि इव्ह कूडे या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये झाड बाजूलाच ठेवलं. तेलाच्या थाळीत मधोमध चुंबकीय द्रवाचे थेंब सोडले. थेंब एकमेकांना ढकलत होते आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना कडेकडे ओढत होतं. थेंब सावकाश सोडले तर ते आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंना गेले, मक्याच्या पानांसारखे. वेग वाढवला तसे ते फिरू लागले आणि कोन १३७.५ कडे आला. ना पेशी, ना जनुकं, तरी तोच कोन. कोरफडीचं छोटं पिल्लू आणि मोठी कोरफड शेजारी ठेवा: पिल्लाची पानं दोन रांगांत असतात, मोठीची फिरती. टोक वाढलं की त्याच्या कडेला जागा जास्त होते, एवढाच बदल मांडणी पालटायला पुरतो.

झाडात हे ढकलणं ऑक्झिन या संप्रेरकामुळे होतं. टोकाच्या बाह्य थरातल्या पेशी ऑक्झिन एका ठरावीक दिशेने पुढे पाठवतात. जिथे ते साठतं तिथे उंचवटा फुगतो. मग तो उंचवटा आसपासचं ऑक्झिन आपल्याकडे ओढून आत, खाली पाठवतो, त्यामुळे त्याच्या शेजारी दुसरा उंचवटा उठू शकत नाही. ऑक्झिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं अराबिडोप्सिसचं एक वाण आहे. त्याचा फुलांचा दांडा फुलांवाचून नुसता टाचणीसारखा वाढतो, म्हणून त्या जनुकाचं नावच ‘पिन’. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या प्रयोगशाळेने २००० साली याची परीक्षा घेतली. टोमॅटोच्या शेंड्यांत ऑक्झिनची वाहतूक औषधाने बंद केल्यावर त्यांना पानं येईनात. मग टोकाच्या कडेला ऑक्झिनचा एक ठिपका ठेवला, आणि नेमकं तिथे पान आलं.

एवढं समजून घेतल्यावर पावसाळ्यात पेवा शोधायला जा. सह्याद्रीच्या सावलीतल्या ओलसर उतारांवर हा पांढऱ्या फुलांचा हळदीचा नातलग सर्रास भेटतो. त्याची पानं जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती एकापुढे एक चढतात. लागोपाठच्या पानांमधला कोन १३७ च्या जवळपासही जात नाही, बराच लहान भरतो. सगळ्यांत मोकळी जागा सोडून पेवा आधीच्या पानाच्या अगदी शेजारची जागा घेतो. वरची साधी कथा त्याला लागू पडत नाही. कागदाच्या पट्टीने त्याचा कोन मोजा आणि चाफ्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.

पानाला वरची बाजू कुठून मिळाली?

उंचवटा आधी गोलसर असतो, तो चपटा कसा होतो? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ इयन ससेक्स यांनी बटाट्याच्या कोंबांवर काम केलं. नुकता उठू लागलेला उंचवटा आणि घुमटीचं टोक यांच्यामध्ये त्यांनी बारीक छेद दिला. संपर्क तुटलेल्या उंचवट्याचं पसरट पान न होता काडीसारखा गोल अवयव झाला. पानाची जी बाजू टोकाकडे तोंड करून असते ती वरची होते, आणि वरची-खालची दोन्ही असल्याशिवाय पान पसरत नाही. घरी हा छेद जमणार नाही. पण कांद्याची पात हाताशी असते. ती नळी म्हणजे चहूबाजूंनी पानाचा खालचा पृष्ठभागच. भिंगाने तिच्याभोवती फिरून बघा, सगळीकडे सारखीच दिसेल. मग जास्वंदीचं पान दोन्हीकडून बघा.

पान वाढतं कुठून?

भोपळ्याचं किंवा जास्वंदीचं बोटाच्या पेराएवढं कोवळं पान निवडा. तोडू नका. पक्क्या शाईच्या पेनाने मधल्या शिरेच्या बाजूने देठापासून टोकापर्यंत सारख्या अंतरावर ठिपके द्या आणि फूटपट्टी शेजारी धरून फोटो काढा. पान पूर्ण वाढेपर्यंत दोन दिवसांआड फोटो घेत राहा. टोकाकडचे ठिपके लवकर थांबतात, देठाकडचे लांब लांब जात राहतात. बहुतेक द्विदल झाडांत असंच होतं: पानाची वाढ टोकाकडून थांबत येते. ही थांबण्याची लाट बिघडली तर कडा मधल्या भागापेक्षा जास्त वाढते आणि पान चुरगळतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उत्पल नाथ यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये स्नॅपड्रॅगन या फुलझाडाच्या अशाच एका वाणावर हे दाखवून दिलं. मक्याच्या पानावर ठिपके दिलेत तर वेगळं काही दिसेल. तिथे वाढ बुडाशी, पोग्याच्या आत चालते.

काटे आणि तणावे

जागेवरून अवयव ओळखायचा हाच नियम इथेही चालतो. बोगनवेलीचा काटा पानाच्या बेचक्यात असतो, म्हणजे ती फांदी. बाभळीचे पांढरे काटे पानाच्या बुडाशी दोन बाजूंना जोडीने असतात, म्हणजे ती उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारे जोडअवयव), बोरीचेही तसेच. गुलाबाचा काटा कुठेही असतो आणि अंगठ्याने आडवा दाबला की सालीसकट निघतो, म्हणजे तो नुसत्या वरच्या थरातून आलेला. फड्या निवडुंगाच्या अगदी कोवळ्या फडीवर हिरव्या टोकदार शेंगदाण्याएवढ्या गोष्टी दिसतात आणि थोड्या दिवसांत गळून पडतात. तीच त्याची पानं. वाटाण्याचा तणावा, म्हणजे आधाराला वळसे घालणारा धागा, पानाच्या टोकाला असतो, म्हणजे ती पर्णिका.

द्राक्षाचा तणावा मात्र पानाच्या बरोबर समोर असतो, बेचक्यात नाही. बागेत वाढती फूट घ्या आणि पेरागणिक नोंद करा: तणावा आहे, आहे, नाही, आहे, आहे, नाही. आपल्याकडे लागवडीत असलेल्या थॉमसनसारख्या जातींत हाच क्रम सापडतो. खालच्या काही पेरांवर तणाव्याच्या नेमक्या जागी घड असतो. घड आणि तणावा एकाच प्रकारच्या उंचवट्यातून येतात. सायटोकायनिन या संप्रेरकाचा जोर असेल तर घड, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा असेल तर तणावा, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत बाळी. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात वेल खालपर्यंत छाटतात ती) दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत हा निकाल लागत असतो. म्हणूनच त्या काळात सिक्स-बीए या कृत्रिम सायटोकायनिनच्या फवारण्या, शेंडा मारणं, विरळणी आणि डोळ्यांवर ऊन पडू देणं यांवर भर असतो, आणि ऑक्टोबर छाटणीआधी काड्या आणून डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. तुमच्या गावात अशी तपासणी होत असेल तर तिथे एकदा डोळा लावून बघाच. उघडलेल्या डोळ्यात सूक्ष्म घड फ्लॉवरच्या कणासारखा दिसतो.

बिघाडाची तारीख काढा

शेंडा वाचता आला की शेतात एक उपयोग लगेच होतो. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे कृत्रिम ऑक्झिन. उसात किंवा ज्वारीत ते फवारलं आणि वाऱ्याने शेजारच्या कापसावर गेलं, तर कापसाची नवी पानं अरुंद, बोटांसारखी फाटलेली, शिरा ठळक झालेली येतात. ‘भेंडीसारखी पानं’ असं शेतकरी म्हणतात ते हेच. जुनी पानं जशीच्या तशी राहतात, कारण त्यांचा आकार आधीच ठरून गेला होता. फटका बसतो तो त्या दिवशी टोकावर उंचवटा किंवा इवलंसं पान असलेल्यांना.

तपासायचं असं. चार-पाच झाडांवर सगळ्यात वरच्या उघडलेल्या पानाला दोरा बांधा आणि नवं पान किती दिवसांनी उघडतं ते आठवडाभर मोजा. जोमातल्या कापसाच्या मुख्य खोडावर साधारण तीन दिवसांना एक पेर भरतं. मग वरून खाली पेरं मोजत सगळ्यात खालच्या बिघडलेल्या पानापर्यंत या आणि पेरांच्या संख्येला दिवसांनी गुणा. ते पान फवाऱ्याच्या वेळी अजून कळीत होतं, म्हणून हिशोबात आणखी काही दिवस मागे जा. बिघडलेल्या पानांचा पट्टा मध्येच असेल, वर पुन्हा चांगली पानं येत असतील, आणि बांधाच्या एका बाजूला जास्त तर पलीकडे कमी असेल, तर वाऱ्याने आलेल्या फवाऱ्याचा संशय घट्ट होतो. फुलकिडे किंवा तुडतुड्यांनी आकसलेली पानं अशी नीट पट्ट्यात येत नाहीत, आणि पान उलटलं की किडे सापडतात. बिघडलेल्या फांद्या लगेच छाटून टाकू नका. आधी वरून तिसरं, पाचवं, आठवं पान तारखेसह फोटोत घ्या.